मावशीचा हात

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी म्हण आहे. खारूला देवाने तीन दिले आणि तिची पंचाईत करून ठेवली. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हातात पडून फार दिवस झाले नव्हते. नव्या वैमानिकाला काळं कुत्रंही विचारत नाही असं जो तो ऐकवत होता, आणि हिच्यापुढे मात्र तीन नोकऱ्या येऊन उभ्या राहिल्या.

खारू हे घरातलं नाव. लहानपणी ती कपाटावर, कठड्यावर, शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर, जिथे चढू नये नेमकी तिथेच सापडायची, म्हणून वडिलांनी ठेवलेलं. वडील म्हणजे अप्पा, बसचे निवृत्त ड्रायव्हर. आई गेल्यापासून घरात ही दोघंच, आणि दोघांच्या आवाजाने घर भरलेलं.

पहिली नोकरी समुद्राकाठची. हौशी माणसांना वर न्यायचं, त्यांनी हवाई छत्र्या घेऊन उड्या मारायच्या, आपण रिकामं विमान घेऊन खाली यायचं. तिथे तिच्याच तुकडीतला लंबू आधी रुजू झाला होता. लंबू म्हणजे उड्डाणशाळेचा हिरा, त्याच्या लँडिंगची उदाहरणं द्यायचे. तिथे गेल्या गेल्याच त्याने विमान धावपट्टीच्या बाहेर घातलं, चाक मोडलं आणि खांद्याचं हाडही. नशीब एकेकाचं, असं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं, पण खारूचं मन त्या नोकरीवरून उडालं.

दुसरी नोकरी नकाशेवाल्यांची. ओसाड माळरानावर दिवसभर सरळ रेषेत जायचं, वळायचं, शेजारच्या रेषेने परत यायचं, आणि विमानाच्या पोटाखालचा कॅमेरा फोटो काढत राहणार. राहणं तंबूत नाहीतर पत्र्याच्या खोलीत, घर महिनोन्‌महिने दिसायचं नाही. पण विमान मोठं, उड्डाणाचे तास भरपूर, आणि पुढच्या प्रत्येक नोकरीचं दार त्या तासांनीच उघडतं. तिथल्या मुख्य वैमानिक बाईंनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "आठवडाअखेर चाचणीला ये. नाही आलीस तर मी समजून जाईन."

आणि तिसरी नोकरी तिच्या स्वतःच्या उड्डाणशाळेत, शिकवण्याची.

"यात विचार काय करायचा?" अप्पा कांदा चिरता चिरता म्हणाले. "मी आयुष्यभर डेपोच्या बाकड्यांवर झोपलो. तुझी पहिली पावलं मला तुझ्या आईने पत्रात कळवली. शाळा हाकेच्या अंतरावर आहे. मास्तरीण हो, दुपारी घरी जेवायला ये."

"आणि तुम्ही रोज हेच पिठलं कराल?"

"नावं ठेव. तंबूत गेलीस की आठवेल."

ते हसत म्हणाले, पण चाकू थांबला होता. तिने राहावं असं त्यांना फार वाटत होतं आणि तसं तोंडाने म्हणणं त्यांना जमत नव्हतं. खारूने तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं की शाळाच. उगाच कशाला लांब जायचं? माय मरो पण मावशी जगो म्हणतात, आणि तिची मावशी तर शाळेतच होती.

मावशी म्हणजे शाळेचं विमान. दोन खुर्च्यांचं, पिवळ्या पट्ट्याचं, तिथल्या कित्येक पोरांपेक्षा वयाने मोठं. दुसरं एक विमान होतं, पण ते पंख काढून विमानं ठेवायच्या हँगरच्या कोपऱ्यात ठोकळ्यांवर उभं होतं, आणि त्यात चिमण्यांचे संसार थाटलेले. शाळेतलं प्रत्येक पोर शिकलं ते मावशीतच. खारूचं पहिलं उड्डाण, पहिलं एकटीचं उड्डाण, परवान्याची परीक्षा, सगळं मावशीत. एवढ्या वर्षांत मावशीने कोणाला ओरखडासुद्धा काढला नव्हता. नाव मास्तरांनी ठेवलेलं. मास्तर म्हणजे शाळेचे मुख्य शिक्षक, एक सडपातळ, टापटीप म्हातारा, जो पावसापाण्यातसुद्धा इस्त्रीचाच शर्ट घालायचा.

शिकवण्याची नोकरी देण्याआधी मास्तर एक फेरी मारतात. ते विद्यार्थ्याच्या, म्हणजे डाव्या खुर्चीत बसतात आणि मठ्ठ विद्यार्थ्याचं सोंग घेतात. उमेदवाराने उजवीकडे बसून त्यांना शिकवायचं. खारू उजव्या खुर्चीत पहिल्यांदाच बसली होती. डाव्या हाताने लिहायला लावावं तसं तिला सगळं अवघडल्यासारखं वाटत होतं.

"मॅडम, हे बटण कशाचं हो?" मास्तरांनी बारीक आवाज काढून विचारलं.

"ते दाबलंस तर तुझी मॅडम घरी जाईल," खारू म्हणाली. मास्तर खूश झाले.

फेरी छान झाली. दुपारचं लख्ख ऊन होतं, वारा आडवा आणि खोडकर. धावपट्टी समोर आली, इंजिनाचा जोर कमी झाला, विमान उतरायला लागलं, आणि मास्तर एकाएकी गप्प झाले. सोंगही थांबलं. खारूने ओळखलं की खरी परीक्षा ही.

या धंद्याचा एक नियम आहे. विद्यार्थ्याच्या हातातून स्टिक, म्हणजे विमान चालवायचा दांडा, हिसकावायची नाही. त्याला चुकू द्यायचं, आणि चूक अंगावर येण्याच्या आत विमान आपल्याकडे घ्यायचं. घाई केली तर पोरगं कधी शिकत नाही, उशीर केला तर शिकायला उरत नाही. दोन्ही खुर्च्यांपुढच्या स्टिक खालून एकमेकींना जोडलेल्या असतात, एक हलली की दुसरीही हलते. पायातल्या पॅडलचंही तसंच. त्यामुळे हात न लावतासुद्धा शेजारचा काय करतोय ते समोर दिसतं.

खारूने हात मांडीवर ठेवले आणि नजर धावपट्टीवर. तिच्यापुढची स्टिक हलत होती. वाऱ्याचा झोत आला की किंचित त्या बाजूला, पुन्हा मध्ये, मग हलकेच मागे. मास्तर झकास उतरवतायत, मग मी कशाला लुडबुड करू, असा विचार तिने केला. चाकं कधी टेकली ते कळलंसुद्धा नाही, खालचा आवाज बदलला एवढंच.

"वा!" मास्तर म्हणाले. "काय टेकवलंस पोरी!"

खारू हसली. "चेष्टा पुरे, मास्तर. मी हातच लावला नाही."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी मांड्यांखाली दाबून धरलेले आपले दोन्ही हात बाहेर काढले. दाबून दाबून ते पांढरे पडले होते.

"मीही नाही," ते म्हणाले.

विमान अजून धावत होतं. हँगरकडे जायचं वळण जवळ आलं, आणि खारूच्या बुटाखालचं डावं पॅडल हळूच खाली गेलं. तिने पाय उचलून खुर्चीवर घेतला, उंदीर बघितल्यासारखा. मावशी शहाण्यासारखी वळली आणि रोजच्या जागेवर जाऊन थांबली.

इंजिन बंद झाल्यावर फारच शांत वाटलं. मास्तर खाली उतरले, पंखावरची धूळ रुमालाने टिपली, आणि हँगरमधल्या लाकडी बाकावर बसून त्यांनी थर्मासमधून दोन कप चहा ओतला. चहा सांडला, कारण त्यांचे हात थरथरत होते. ते घाबरल्याने थरथरत नव्हते हे खारूच्या उशिरा लक्षात आलं. ते हात नेहमीच तसे असणार. मास्तर बोलताना कायम हात मागे का बांधून ठेवतात याचं कोडं तिला शिकायला आल्यापासून पडलेलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"हातांचं विचारतेस की तिचं?"

"दोन्ही."

"हात गेले त्याला बरीच वर्षं झाली. मी सोडणारच होतो शाळा. एकदा उतरताना हातांनी दगा दिला, मी डोळे मिटून घेतले. उघडले तर आम्ही इथे उभे." त्यांनी मावशीकडे मान केली. "पहिल्यांदा मी फार घाबरलो. मेकॅनिककडून तिचा खिळान्‌खिळा उघडून घेतला. काही नाही. मग सवय झाली. चांगल्या गोष्टीची सवय व्हायला वेळ लागत नाही."

"आणि पोरं?"

"पोरांना वाटतं मास्तरांनी सावरलं. शिकवणाऱ्याला वाटावं पोरगं तयार झालं. म्हणून तर मला घाईच्या हातांचा माणूस नको होता. तुझे हात शांत आहेत. उजवीकडे बसायचं, गोड बोलायचं, मांडीवर हात ठेवायचे. बाकी तिचं ती बघते. आजवर कोणाला लागलं-खुपलं नाही, अशी दुसरी शाळा दाखव मला."

 जे विचारायचं होतं ते विचारू नये असं फार वाटत होतं, तरी खारूने विचारलं. "मास्तर, मी पहिल्यांदा एकटी गेले, तेव्हा ते लँडिंग माझं होतं ना?"

मास्तरांनी कप जपून खाली ठेवला. "मला कसं कळणार? मी खाली उभा होतो."

"आणि परीक्षेच्या दिवशी?"

"सुंदर लँडिंग होतं ते," मास्तर म्हणाले. "सगळ्यांचंच असतं."

 खारू घरी कशी पोचली ते तिचं तिला आठवेना. जिन्यातच बसून तिने लंबूला फोन लावला.

"काय गं, नोकरी लागली का माझ्या जागेवर?" लंबूने खिदळून विचारलं. खांद्याचं हाड मोडलं तरी जीभ धड होती.

"लंब्या, एक सांग. त्या दिवशी उतरताना नक्की काय झालं?"

त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "कोणाला सांगणार नसशील तर सांगतो. सगळं नीट चाललं होतं. धावपट्टी समोर होती. मी फक्त वाट बघत राहिलो."

"कशाची?"

"तेच तर कळत नाही. नेहमी होतं ते व्हायची. शेवटी शेवटी हातात काहीतरी यायचं बघ, विमान कसं आपोआप जमून यायचं? ते आलंच नाही गं. मी आपला वाट बघत बसलो, आणि जमीन आली."

खारूने त्याला सगळं सांगितलं. तो हसेल असं तिला वाटलं होतं, हसला असता तर बरं झालं असतं.  "म्हणजे मला येतच नाही," तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

आता माणसाने काय करावं? शहाण्या माणसाने तोंड मिटून मांडीवर हात ठेवले असते. पण आपल्याला आपलं काम येतं की नाही, हा प्रश्न एकदा मनात शिरला की दातात अडकलेल्या शेंगदाण्यासारखा असतो, जीभ तिथेच जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी खारू शाळेत गेली आणि मास्तरांकडे मावशी मागितली. एकटीसाठी.

मास्तरांनी कारण विचारलं नाही. "जपून जा" असंही ते म्हणाले नाहीत. त्याची गरजच नव्हती.

वर गेल्यावर आधी खारूला बरं वाटलं. वळणं, चढणं, सगळं तिच्या हातांनी होत होतं, किंवा होत असल्यासारखं वाटत होतं. मग ती धावपट्टीच्या रेषेत आली. आजचं लँडिंग मुद्दाम बिघडवायचं असं तिने ठरवलं होतं. जीव जाईल इतकं नाही, पण चारचौघांत मान खाली घालावी लागेल इतकं. विमान जमिनीपासून अजून उंच असताना नाक वर उचललं की ते धप्पकन आपटतं, हे कोणत्याही नवशिक्याला सहज जमतं.

तिने स्टिक मागे ओढली.

स्टिक आली, थोडीशी. मग थांबली. आणि तिच्या मुठीखालून हळूहळू पुढे सरकू लागली. खारूने दोन्ही हात लावले, पाय रोवले, दात-ओठ खाऊन ओढलं. त्यात झटापट अशी नव्हतीच. पाटीवर अक्षर गिरवताना लहान मुलाचा हात मोठ्या माणसाने धरावा आणि मुलाने कितीही वाकडंतिकडं केलं तरी अक्षर बरोबर यावं, तसं होतं ते. त्या जोरात राग नव्हता. मायाच होती, आणि खारूने ऐकावं म्हणून ती कितीही वेळ थांबायला तयार होती.

"सोड," खारू ओरडली. "मावशी, सोड मला!"

चाकं टेकली. लोण्यासारखी.

मावशी आपल्या जागेवर येऊन उभी राहिली तरी खारू आतच बसून होती. तिला दरदरून घाम सुटला होता. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तिला बरं वाटत होतं. आई गेल्यापासून इतकं सांभाळून कोणी तिचा हात धरला नव्हता. इथे राहिलं तर आपल्या हातून कधीच काही वाईट होणार नाही. अप्पा रोज दुपारी दिसतील. वर्षं जातील. मग एक दिवस आपणही इस्त्रीचा शर्ट घालून हात मागे बांधून उभ्या राहू, आणि समोर परवाने घेतलेली पोरं ओळीने जगात निघतील, एकालाही विमान उतरवता न येणारी. ती झटकन दार उघडून बाहेर पडली.

मास्तर बाकावर होते. "मग? सोमवारपासून?"

"नाही, मास्तर. तुम्ही पोरांना सांगा. सांगायला हवं."

"काय सांगू? विमानाला माया आहे म्हणून?" त्यांनी थकल्यासारखं विचारलं. "तूच सांगून बघ. बघू कोण ऐकतं."

खारू निघाली. फाटकाबाहेर पडताना तिने मागे पाहिलं. नव्या तुकडीतली एक मुलगी मावशीत चढत होती, आणि चढताना लाडाने तिला थोपटत होती. खारू धावत मागे गेली, तिने त्या मुलीला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. मुलीने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तुम्हाला नोकरी नाही मिळाली का?"

घरी अप्पांना तिने एवढंच सांगितलं की नकाशेवाल्यांकडे जाते. त्यांनी कारण विचारलं, तिला देता आलं नाही. अप्पांनी ताटावरून उठून तिची बॅग काढून दिली, चेन अडकत होती ती मेणबत्ती घासून नीट केली, आणि मग त्यांना स्वयंपाकघरात बराच वेळ काहीतरी काम निघालं. कारण सांगता आलं असतं तर त्यांना कमी लागलं असतं, हे खारूला कळत होतं. तिला फार अपराधी वाटलं.

नकाशेवाल्यांच्या मुख्य वैमानिक बाई ठेंगण्या, उन्हाने रापलेल्या, आणि बोलायला फटकळ होत्या. त्यांचं विमान मोठं आणि धुळीने माखलेलं. खारूने चढण्याआधीच सांगितलं, "बाई, माझं लँडिंग कच्चं आहे. तुमचे हात जवळ ठेवा."

"तुझ्या कागदांवर तर शेरे बघ कसे लिहिलेत. उत्तम, अत्युत्तम."

"ते खरे नाहीत."

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बरं. चढ."

उतरायची वेळ आली तेव्हा खारूने स्टिक धरली, आणि तिच्या लक्षात आलं की तळहाताखाली कोणी नाही. नुसतं थंड लोखंड. वारा आला, विमान सरकलं, आणि कोणीही ते परत आणलं नाही. क्षणभर तीसुद्धा लंबूसारखी वाट बघत राहिली. जमीन वर येत होती, मोठी होत होती, तिच्यातले खडे दिसायला लागले.

मग तिने ओढलं. उशिरा ओढलं, जास्त ओढलं. विमान आपटलं, चेंडूसारखं उसळलं, पुन्हा आपटलं, वाकडं धावलं. मागे कॅमेऱ्याच्या पेट्या धडाधड पडल्या. खारूने पॅडलवर पाय मारला, चुकीचा मारला, दुसरा मारला, आणि विमान धावपट्टीच्या अगदी कडेला, धुळीच्या लोटात, थांबलं.

बाईंचे हात स्टिकच्या अगदी जवळ, हवेत होते. त्यांनी ते खाली घेतले.

"तुम्ही धरलं होतंत का?" खारूने विचारलं. 

"मी कशाला धरू? अजून एकदा उसळलं असतं तर धरलं असतं."

"मग हे मी उतरवलं?"

"तू नाही तर कोण माझी सासू उतरवणार?" बाई कडाडल्या. "असलं लँडिंग आणि वर मालकी सांगतेय! कोणी शिकवलं गं तुला?"

"कोणीच नाही," खारू म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. दोन्ही हात तोंडावर घेऊन ती हमसून हमसून रडायला लागली. ते हात घामेजलेले होते, तळव्याला लाल वळ उठले होते, आणि ती ते काही केल्या तोंडावरून काढेना.

बाईंना वाटलं, नोकरी गेली म्हणून रडतेय. त्या जरा वरमल्या. इतक्या वर्षांत आपले शेरे खोटे आहेत असं सांगणारी उमेदवार त्यांनी पाहिली नव्हती.

"अगं, आता रडतेस काय?" त्या म्हणाल्या. "डोळे पूस. वर घे, आणि पुन्हा उतरव."